टाचेखालची लोकर

हे मी टाच दुखणाऱ्यांसाठी लिहिते आहे. ज्यांची दुखत नाही त्यांनी पुढे वाचू नये, कारण त्यांच्याविषयी यात फारसे बरे लिहिलेले नाही.

माझे वय सेहेचाळीस. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका बोळात माझी खाणावळ आहे. यजमान गेल्यावर ती मी सुरू केली, त्याला बारा वर्षे होऊन गेली. बावीस जण जेवायला असतात. गिरणीच्या कचेरीतले कारकून, दोन शाळामास्तर, एका वकिलांचे लेखनिक, अशी माणसे. घरात मी आणि यजमानांची थोरली बहीण. त्यांना मी वन्सं म्हणते. लोक माझ्याकडे आमटीच्या चवीसाठी येतात असा माझा समज होता. निम्मेअधिक लोक सोवळ्यासाठी येतात, हे मला टाचेने शिकवले.

मला याद्या करायची सवय आहे. कोण तिखट खात नाही, कुणाचा शनिवार, कुणाची एकादशी, वाण्याकडून काय आणायचे, सगळे वहीत असते. एखादी अडचण कागदावर उतरवली की ती अर्धी हाताशी येते. टाच मात्र दीड महिना वहीत शिरलीच नाही, कारण तिला काय म्हणावे हेच मला कळत नव्हते.

काटा नव्हता

चैत्रातली एक सकाळ. मी सतरंजीवरून उठले, उजवा पाय जमिनीवर टेकला आणि ओरडलेच. टाचेच्या खाली, जरा आतल्या अंगाला, बाभळीचा काटा आरपार गेला असे वाटले. मी भिंत धरली, पाय उलटा करून पाहिला. काही नाही. रक्त नाही, सूज नाही, वण नाही.

वन्सं सुई घेऊन बसल्या. "आत मोडलाय. दिसत नाही म्हणून काय झालं?" असे म्हणत त्यांनी घटकाभर माझी टाच कोरली. काटा निघाला नाही. तो नव्हताच. पण दहा-वीस पावले चालल्यावर दुखणे आपोआप निम्मे झाले, आणि गिरणीचा भोंगा होईपर्यंत मी ते विसरूनही गेले.

हाच त्याचा लबाडपणा. सकाळी उठताना पाय टेकवत नाही, आणि दुपारी कुणी पाहिले तर मी ठणठणीत. ताप नाही, खोकला नाही, दाखवायला काही नाही. असल्या आजारावर कुणाचा विश्वास बसत नाही. दीड महिन्याने तर वन्संनी मला तोंडावर विचारले, "यशोदे, तुला भांडी उचलायची असली की बरोबर कशी गं दुखते टाच?"

त्या दिवसापासून वहीत एक पान घातले. तारीख, वेळ, काय करत होते, किती दुखले. कमी, बरेच, फार, असे तीन प्रकार केले. आठ दिवसांनी पान वाचले तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. चालताना 'फार' कुठेच नव्हते. 'फार' होते ते फक्त उठताना.

आणि माझे तर सगळे काम उठण्याचेच. मी चुलीपुढे बसून भाकरी थापते आणि उठून वाढते. भाकरी तव्यावरून थेट पानात पडली पाहिजे, हा या खाणावळीचा नियम, आणि तो मीच केलेला. एका जेवणाला मी चुलीपासून किती वेळा उठते ते मोजले. एक्केचाळीस वेळा. सकाळचे पहिले पाऊल इतरांना दिवसातून एकदा पडते. मला ते दोन्ही जेवणांना एक्केचाळीस-एक्केचाळीस वेळा पडत होते, तेही शहाबादी फरशीवर, अनवाणी.

सल्ले

टाच दुखते हे एकदा बाहेर फुटले की बोळातला प्रत्येक माणूस वैद्य होतो. मी सल्ल्यांचीही यादी केली. सतरा झाले. शेजारच्या आजींनी सांगितले, वीट तापवायची, तिच्यावर रुईचे पान ठेवायचे आणि त्यावर टाच दाबायची. केले. शेकताना बरे वाटले, सकाळी होते तेच. मास्तरांपैकी एकाने वजन कमी करायला सांगितले. तो स्वतः माझ्या अडीच भाकरी खाऊन वर भात मागणारा. वकिलांच्या लेखनिकांनी हा वात आहे, वांगे बंद करा, असे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी वांग्याची भाजी का नाही म्हणून विचारले.

सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. सल्ला दिला की त्यांचे काम संपते. गुण आला तर तो त्यांच्या सल्ल्याचा. नाही आला तर मी तो नीट पाळला नाही.

या सगळ्यांत पहिला मान केशवरावांचा. केशवराव म्हणजे गिरणीच्या कचेरीतले हेडक्लार्क. पंगतीत उजवीकडचा पहिला पाट त्यांचा, आणि तो पाटही त्यांनी घरून आणलेला. शिसवी, चार कोपऱ्यांना पितळी फुल्या. बाकीचे एकवीस जण ते बसल्यावर बसत आणि ते उठल्यावर उठत. मी लंगडत भाकरी घेऊन गेले की ते मान वर न करता म्हणत, "काकू, आता माणूस ठेवा की. तुमचं वय झालं."

ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत.

बिब्बा

भाद्रपदात मी चूक केली. ती माझीच चूक, वन्संची नव्हे, कारण पाय मी पुढे केला.

वन्संच्या माहेरी, म्हणजे माझ्या सासरी, टाचेला बिब्बा लावण्याची पद्धत. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, आणि त्याचे काळे तेल दुखऱ्या जागी टेकवायचे. वन्संनी एकदा टेकवला. मी म्हटले, "पुरे." त्या म्हणाल्या, "एवढ्यानं काय होतंय? मुळापर्यंत जायला नको?" आणि आणखी चारदा टेकवला.

बिब्बा उतला. दुसऱ्या दिवशी टाच, घोटा, पोटरी सगळे लाल, आणि फोड. खाज अशी, की मी पाय परातीतल्या पाण्यात घालून बसले. आत दुखत होते ते आत तसेच, आणि वरून हे. नऊ दिवस पाय जमिनीला लागला नाही. अकरा वर्षांत माझ्या चुलीपुढे दुसरे कुणी बसले नव्हते. ते त्या नऊ दिवसांत बसले.

केशवरावांनी माणूस तयारच ठेवला होता. मैंदर्गीचा एक आचारी, त्यांच्या लांबच्या नात्यातला. माणूस वाईट नव्हता, हे कबूल करते. पण मी माजघराच्या दाराआड पाय वर करून पडलेली, आणि पलीकडे पंगतीतला आवाज मला ऐकू येतोय:

"काय हात आहे हो याचा!"

"चिंच जरा सढळ आहे, पण मजा येते."

"काकूंची आमटी म्हणजे... चांगलीच होती म्हणा."

"होती" हा शब्द मला बिब्ब्यापेक्षा जास्त झोंबला.

नवव्या दिवशी केशवराव दाराशी येऊन उभे राहिले. "काकू, दसऱ्यापर्यंत बघा. तुम्हाला झेपलं तर उत्तमच. नाहीतर हा आहेच. तुम्ही बसून देखरेख करा. पंगतीचे हाल नकोत."

देखरेख म्हणजे काय ते मला ठाऊक होते. मी कोपऱ्यात बसायचे, आणि वर्षभरात मी कोण हेही नव्या माणसांना ठाऊक नसायचे. मी म्हटले, "दसऱ्यापर्यंत म्हणालात ना? मग दसऱ्यापर्यंत इकडे डोकावू नका."

दहाव्या दिवशी मी चुलीपुढे बसले. पहिल्या भाकरीला उठले तेव्हा डोळ्यांत पाणी आले. धूर आहे, असे वन्संना सांगितले.

पोलिसाची टाच

इस्पितळात जाण्याचा दिवस मी वहीत आधी ठरवून ठेवला होता. सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची भांडी झाल्यावर. वन्सं म्हणाल्या, "टाचेसाठी इस्पितळ? लोक हसतील." मी वहाणा घातल्या आणि टांगा केला.

बाकावर दीड तास बसले. माझ्या एका बाजूला हात मोडलेला गिरणीकामगार, दुसऱ्या बाजूला तापाने फणफणलेले मूल घेऊन आलेली बाई. मला माझ्या टाचेची लाज वाटू लागली. ती लाजही त्या आजाराचाच भाग आहे, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. लाजून मी परत गेले असते तर आज मैंदर्गीचा आचारी इथे असता.

डॉक्टर तरुण, घाईत, आणि चेहऱ्यावर कंटाळा. "काय होतंय बाई?" मी वही पुढे केली. त्यांनी पान उलटले, मग मागचे, मग पुढचे.

"ही यादी कुणी केली?"

"मीच."

"बरं. पाय वर घ्या."

त्यांनी माझी बोटे एका हाताने मागे ओढून धरली, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेच्या पुढे, आतल्या अंगाला, नेमके एका जागी दाबले. सहा महिन्यांत ती जागा कुणालाच सापडली नव्हती. मी ओरडले आणि त्याच क्षणी मला हायसेही वाटले. म्हणजे ती जागा खरीच होती. मी ढोंग करत नव्हते.

"साहेबाच्या देशात याला पोलिसाची टाच म्हणतात," ते म्हणाले. "दिवसभर कडक जमिनीवर गस्त घालणाऱ्यांना होते."

"मी पोलीस नाही. खाणावळ चालवते."

"टाचेला काय कळतंय?" ते पहिल्यांदा जरा हसले. मग त्यांनी समजावून सांगितले, आणि ते मी इथे लिहिते, कारण सतरा सल्ल्यांत हे कुणी सांगितले नव्हते. तळव्याच्या आत टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो. गिरणीत यंत्राला असतो तसा. तो टाचेला जिथे चिकटतो तिथे ओढ बसून बसून बारीक चिरतो. आपण निजलो किंवा बसलो की तो आखडतो, चिरलेले जुळायला लागते, आणि उठून पाय टेकला की एकदम ताणून पुन्हा चिरते. म्हणून पहिले पाऊल सगळ्यात वाईट. म्हणून चालल्यावर बरे वाटते. म्हणून माझ्या वहीत 'फार' फक्त उठतानाच.

"कापायचं काम नाही. हाड बरं आहे. मोडणारही नाही, मरणारही नाही तुम्ही," ते म्हणाले. "पण महिने लागतील. उठण्यापूर्वी बोटं मागे ओढा. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणा, एखादी पायरी असेल तर तिच्या कडेवर. आणि अनवाणी एक पाऊलसुद्धा नाही. मऊ, जाड तळाचं काहीतरी पायात पाहिजे. घरातही."

"स्वयंपाकघरात?"

"तिथं तर पाहिजेच."

"डॉक्टर, मी सोवळ्यात असते. चुलीपाशी चामडं कसं घालू? पंगत उठून जाईल."

त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली होती. "ते मला माहीत नाही, बाई. मी टाचेचा डॉक्टर, सोवळ्याचा नाही."

टांग्यात मी वहीत दोन ओळी लिहिल्या. पायात काही घातले नाही तर उठता येणार नाही, खाणावळ जाईल. पायात घातले तर लोक उठतील, खाणावळ जाईल. दोन्ही ओळींच्या शेवटी एकच शब्द आला, म्हणून मी वही मिटली.

खडावा

यानंतर मी जो शहाणपणा केला तो आमच्यासारख्यांनीच करावा. सोवळ्यात काय चालते? लाकूड चालते. पायात घालायचे लाकूड म्हणजे खडावा. म्हणून मी खडावा घातल्या. डॉक्टर पायात काहीतरी पाहिजे म्हणाले होते. 'मऊ' हा शब्द मी सोयीने विसरले.

पहिल्या दिवशी चुलीपासून पंगतीपर्यंत खट, खट, खट. अडीच भाकऱ्यांवाला मास्तर म्हणाला, "बुवा आले वाटतं." सगळे हसले. वकिलांचे लेखनिक हात जोडून म्हणाले, "प्रसाद द्या, बुवा." वन्संना मात्र अभिमान वाटला. त्यांनी बोळात सांगितले की आमच्या यशोदेने खडावा धरल्या.

पाच दिवसांत दुखणे पोटरीपर्यंत चढले. फरशी निदान सपाट होती. हे फरशीहून कडक, आणि वर अंगठ्यात खुंटी. सहाव्या दिवशी मी त्या खडावा चुलीत घातल्या. वन्संनी दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. त्या दोन दिवसांची नोंद मी 'आराम' म्हणून केली आहे.

दसऱ्याच्या दिवशी केशवरावांनी सोने दिले आणि माझ्या पायांकडे पाहिले. मी चालत होते. "दिवाळी होऊ द्या," एवढेच म्हणाले.

बिराव्वा

बिराव्वा मंद्रूपकडची धनगरीण. मंगळवारच्या बाजाराला घोंगड्या घेऊन येते आणि जाताना माझ्या ओट्यावर टेकते, पाणी पिते, बाजारात कोण कुणाला काय म्हणाले ते सांगते. दसऱ्यानंतरच्या एका मंगळवारी मी तांब्या घेऊन आतून आले. ती पाण्याकडे न बघता माझ्या पायाकडे बघत राहिली.

"काकू, पयलं पाऊल चोरता की तुमी."

"टाच दुखते गं."

"उठताना लई, मग चालल्यावर कमी?"

मी चकित झाले. इस्पितळात दीड तास बसून मिळाले ते हिने तांब्या हातात घेण्याआधी सांगितले. "तुला कसं ठाऊक?"

"आमच्या मामंजीला झालतं न्हवं. मेंढरामागं सारा दिस माळानं. सांजच्याला बसला की उठंना. शिव्या द्यायचा टाचंला, तुमच्यावानीच तोंड करून."

"मग काय केलंत?"

"काय करायचं? जुन्या घोंगडीचं पाच पदर शिवलं, वहाणत घातलं. आन दुखतंय तितं भोक ठिवलं, टाच आदांतरी ऱ्हावी म्हणून."

मी म्हटले, "वहाणेत घालून उपयोग नाही. मला चुलीपाशी चामडं चालत नाही."

बिराव्वाने तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे असे पाहिले की मला आजही आठवते. "मंग चामडं कशाला? नुसती लोकर बांधा की. त्या आतल्या मोठ्या बाई थंडीत काय गुंडाळून देव पुजत्यात?"

धाबळी. वन्सं कार्तिक ते माघ धाबळी, म्हणजे लोकरीचे वस्त्र, नेसून देवपूजा करतात, स्वयंपाक करतात, कारण लोकरीला ओवळे नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले. अकरा वर्षे त्या धाबळीच्या घड्या घातल्या. सहा महिने वीट, बिब्बा, लाकूड पायाला लावले, आणि हे मला सुचले नाही. सुचले ते ओट्यावर बसलेल्या बाईला.

पुढच्या मंगळवारी तिने दोन जोड आणले. काळ्या घोंगडीचे सहा पदर, दाभणाने घट्ट शिवलेले, टाचेखाली रुपयाएवढी खळगी, आणि घोट्याला बांधायला लोकरीचाच पीळ. धागासुद्धा लोकरीचा. कातड्याचा कण नाही.

"आत ये, जेवून जा," मी म्हटले.

"नगं बाई. हितं ओट्यावरच द्या ताट. तुमचं आत लई शिवाशिव, माजा घास घशात आडकंल." ती हसली. मला हसू आले नाही, पण ताट मी स्वतः वाढून आणले, ताट ठेवताना आणि पुन्हा वाढताना, दोन्ही वेळा वाकून.

तो रविवार

दिवाळीनंतरचा रविवार. सुट्टी, म्हणून बावीसही जण हजर. गव्हाची खीर, वांग्याची भाजी, कढी, भाकरी, भात. थंडी पडली होती. वन्सं धाबळी नेसून तूप वाढायला उभ्या होत्या. त्यांना मी काही सांगितले नव्हते. आधी सांगितले असते तर रविवार उजाडलाच नसता.

मी चुलीपुढे बसले, लोकर पायात बांधली, उठले. टाच टेकली. दुखले, पण 'फार' नाही. 'बरेच' म्हणता येईल इतके. मी भाकऱ्या घेतल्या आणि पंगतीत गेले.

चौथ्या पानापर्यंत कुणाच्या लक्षात आले नाही. मग मास्तराचा घास हातातच राहिला. मग आवाज थांबला. केशवरावांनी मान वर केली. माझ्या आठवणीत त्यांनी जेवताना मान वर केल्याची ती पहिली वेळ.

"काकू, पायात काय आहे ते?"

"लोकर."

"पायात घालून वाढता? अन्नाच्या ताटापाशी? आम्ही इथं कशासाठी येतो, तुम्हाला ठाऊक नाही?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. चामडं नाही. सहा पदर घोंगडी आहे. हात लावून बघा."

"मी हात लावू?" ते हसले, आणि दोन-तीन जण त्यांच्याबरोबर हसले. "माझं काय जातंय. तुमच्या वन्संनाच विचारू. या घरात सोवळं कुणाला कळत असेल तर त्यांना. काय हो, चालतं का हे?"

सगळे वन्संकडे बघू लागले. मीही. मला उत्तर माहीत होते. याच बाईने मला सहा महिने ढोंगी म्हटले होते, माझा पाय बिब्ब्याने जाळला होता, माझ्या जागी आचारी बसला तेव्हा त्याला मिठाचा डबा काढून दिला होता. मी भाकऱ्यांचे ताट दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि खाणावळीला मनातल्या मनात हात जोडले.

वन्सं माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्या अंगावरच्या धाबळीकडे पाहिले. त्यांचे ओठ हलले. मला वाटते त्या हिशेब करत होत्या. लोकर माझ्या पायात ओवळी ठरली, तर ती त्यांच्या अंगावर सोवळी कशी?

"लोकरीला ओवळं नाही," त्या म्हणाल्या. आवाज असा, जणू केशवरावांनी त्यांच्या वडिलांचा अपमान केला होता. "हे तुम्हाला माहीत नाही? एवढे दिवस जेवताय इथं! जेवा."

केशवराव उठले. भरल्या पानावरून उठले. त्यांच्यामागून दोघे उठले, एक जण खिरीकडे बघत बघत. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिले. गेली अकरा वर्षे ते उठले की पंगत उठत असे. मी पुढच्या पानाशी गेले आणि भाकरी वाढली. मास्तरच होता तो. त्याने भाकरीकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि म्हणाला, "काकू, कढी आहे का अजून?"

एकोणीस जण जेवले. स्वयंपाकघरात आल्यावर वन्सं तुपाची वाटी आपटून म्हणाल्या, "हे तुझ्यासाठी नाही बोलले मी. लोकरीसाठी बोलले."

"ठाऊक आहे," मी म्हटले. तेवढे पुरेसे होते.

आता

त्याला चौदा महिने झाले. बऱ्या झालात का, असे कुणी विचारले तर मी "बरीच" म्हणते, वहीतल्या अर्थाने. टाच गेली नाही, वठणीवर आली आहे. एक दिवस आळस केला की दुसऱ्या सकाळी आठवण देते.

तुम्हाला उपयोगी पडेल ते सांगते. अंथरुणातून उठण्याआधी पंचा तळव्याला अडकवून बोटे आपल्याकडे ओढा, मी वीसपर्यंत मोजते. लोकर अंथरुणाशीच ठेवा, पहिले पाऊल तिच्यावरच पडू द्या. गिरणीतून टाकून दिलेला, सूत गुंडाळायचा लाकडी बॉबीन मिळाला तर बसल्या बसल्या तळव्याखाली फिरवा. चुलीपाशीचा जोड वेगळा ठेवा, तो मोरीत नेऊ नका, दर सोमवारी धुवा. उठणे कमी करा. मी आता चार-चार भाकऱ्या एकदम नेते. गरम भाकरीचा नियम मी मोडला, आणि कुणीही मेले नाही. बिब्बा लावू नका. कुणी लावू पाहील तर पाय मागे घ्या, माणूस कितीही वडील असो.

उठून गेलेल्या दोघांपैकी एक आठ दिवसांत परत आला, दुसरा संक्रांतीला. दोघांनाही मी पान वाढले, खिरीची आठवण काढली नाही. केशवराव आले नाहीत. मैंदर्गीच्या आचाऱ्याने बाजारपेठेत खाणावळ काढली आहे, ते तिथे जेवतात, आणि चिंच सढळ असते असे ऐकते.

त्यांचा पाट मात्र इथेच राहिला. दोनदा निरोप पाठवला. त्यांनी नेला नाही, मागितलाही नाही. पोटऱ्या ताणायला डॉक्टरांनी एखादी पायरी बघा म्हटले होते. माझ्या घरात आतल्या बाजूला पायरी नाही. तो पाट शिसवी आहे, जड आहे, भिंतीशी ठेवला की जागचा हलत नाही. रोज सकाळी भोंगा व्हायच्या आधी मी त्याच्या कडेवर चवडे ठेवून उभी राहते, दोन्ही टाचा खाली सोडते, आणि सावकाश वीसपर्यंत मोजते. मग चूल पेटवते.